रक्त अडते तेव्हा हृदय स्वतःला कसे वाचवते?

माहूरला रेणुकादेवीच्या पायऱ्या चढताना आमच्या ओळखीतल्या एका काकांना सलग दोन वर्षे एकच अनुभव आला. काही पायऱ्या झाल्या की छातीच्या मधोमध कोणी जड पाटा ठेवल्यासारखे वाटे आणि डावा हात भरून येई. ते कठड्याला टेकून पाच-सात मिनिटे बसत; मग उठून चढू लागले की उरलेल्या सगळ्या पायऱ्या त्याच गतीने चढूनही काही होत नसे. घरचे म्हणत, देवीनेच वर नेले. काकांच्या मते उपवासात रिकाम्या पोटी चहा घेतल्याने ते पित्त होते. श्रद्धेचा भाग बाजूला ठेवला, तर या अनुभवाला वैद्यकशास्त्रात अडीचशे वर्षांचा इतिहास आहे, आणि हृदय स्वतःचा बचाव कसा करते हे समजून घेण्यासाठी याच्याइतके चांगले उदाहरण सापडणे कठीण आहे.

हा विषय आत्ता मांडण्याचे कारणही आहे. लग्नाच्या मांडवात नाचताना किंवा क्रिकेट खेळताना कोसळलेल्या तरुणांचे व्हिडिओ हल्ली सारखे मोबाइलवर फिरतात, आणि त्यांच्यापाठोपाठ ‘जोरजोरात खोका’, ‘मिरचीचे पाणी प्या’ असले सल्लेही येतात. या सल्ल्यांनी झटका टळतो याला कसलाही आधार नाही. हृदयाची खरी संरक्षणयंत्रणा त्यांच्याहून कितीतरी अधिक कुशल आहे. मात्र तिची ताकद जेवढी थक्क करणारी आहे, तेवढीच तिची मुदत तोकडी आहे.

धरणावरच्या मजुराची तहान

हृदय रक्तानेच भरलेले असताना त्याला रक्ताची टंचाई कशी भासेल, हा प्रश्न अनेकांना पडतो. जायकवाडीचे पाणी शेकडो गावांना जाते, पण धरणाच्या भिंतीवर राबणाऱ्या मजुराची तहान भागते ती त्याच्या माठातल्या पाण्यानेच. हृदयाचेही तसेच आहे. त्याच्या कप्प्यांतून वाहणारे रक्त शरीरासाठी असते. हृदयाच्या स्नायूला स्वतःला लागणारे रक्त महारोहिणीच्या मुळाशी फुटणाऱ्या डाव्या आणि उजव्या अशा दोन धमन्यांतून येते. या धमन्यांत चरबीचा थर साचून किंवा रक्ताची गुठळी अडकून प्रवाह घटला, की स्नायूच्या तेवढ्या भागाला गरजेपेक्षा कमी रक्त मिळते. या अवस्थेला ‘इस्केमिया’ म्हणतात. आपण यापुढे तिला रक्ताची टंचाई म्हणू.

मिनिटाला ७२ ठोके धरले तर हृदय दिवसाला लाखाहून अधिक वेळा आकुंचन पावते. त्याला सुट्टी नाही. शिवाय एक खास अडचण आहे. शरीराचे इतर अवयव विश्रांतीच्या वेळी रक्तातला सुमारे पाव हिस्सा ऑक्सिजन घेतात आणि उरलेला राखीव राहतो. हृदयाचा स्नायू मात्र स्वस्थ बसलेल्या माणसातही सत्तर ते ऐंशी टक्के ऑक्सिजन काढून घेतो. विहिरीचा तळ आधीच दिसत असावा, तशी ही स्थिती असते. काम वाढले तर त्याच रक्तातून आणखी ऑक्सिजन काढण्याला वाव नसतो. रक्ताचा प्रवाहच वाढवावा लागतो. निरोगी धमन्या रुंदावून हा प्रवाह चार-पाच पट वाढवू शकतात, आणि हीच हृदयाची पहिली संरक्षणफळी होय. धमनी चोंदलेली असेल तर ही फळी बसल्या जागी पुरते, पण पायऱ्या चढताना अपुरी पडते. काकांच्या छातीवरचा पाटा तो हाच. त्याला ‘अंजायना’ म्हणतात.

पहिल्या काही सेकंदांतली काटकसर

धमनी पूर्ण बंद झाली तर काय होते? लातूरला २०१६ साली मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, ते दिवस अनेकांना आठवत असतील. नळाला पाणी नसले की घरात पहिल्यांदा अंगणात सडा टाकणे थांबते, गाडी धुणे थांबते, आणि पिण्याचा हंडा तेवढा राखला जातो. हृदयातली पेशी हाच हिशेब करते, आणि तोही काही सेकंदांत.

पेशीचा सगळा व्यवहार ‘एटीपी’ नावाच्या रेणूवर चालतो. त्याला पेशीच्या खिशातले सुटे पैसे समजावे: खर्च सतत चालू, म्हणून कमाईही सतत हवी. हृदयपेशीच्या खर्चाचा मोठा वाटा आकुंचनावर जातो आणि उरलेला पेशीच्या आवरणातले क्षारांचे पंप चालू ठेवण्यावर. आकुंचन थांबले तरी पेशी जगते. पंप थांबले तर ती फुगून मरते. म्हणून रक्त अडताच आत फॉस्फेट साचू लागते, आम्लता वाढते, आणि त्यांच्या परिणामाने त्या भागातले तंतू आकुंचन पावणे जवळजवळ सोडून देतात. बाहेरून पाहणाऱ्याला हे हृदयाचे अपयश वाटेल. पेशीच्या बाजूने पाहिले तर तो सडा बंद करून हंडा राखण्याचा निर्णय आहे.

त्याच वेळी इंधनही बदलते. एरवी हृदय मुख्यतः चरबीतल्या मेदाम्लांवर चालते, पण त्यांच्या ज्वलनाला ऑक्सिजन लागतोच. टंचाईत पेशी साखरेकडे वळते, कारण साखर ऑक्सिजनविनाही अर्धवट वापरता येते. हा व्यवहार फार तोट्याचा असतो: साखरेच्या ज्या एका रेणूपासून एरवी सुमारे तीस एटीपी मिळतात, त्यापासून आता दोनच मिळतात, आणि वर आम्ल साचते ते वेगळेच. काही मिनिटे मात्र यावर निभते.

पाणी तोडून कणखर केलेले रोप

आतापर्यंतचे बचाव टंचाई सुरू झाल्यानंतरचे होते. यापुढचा बचाव अधिक विलक्षण आहे, कारण त्यात हृदय आधीच्या छोट्या टंचाईवरून मोठ्या टंचाईची तयारी करते.

मिरचीचे रोप गादीवाफ्यातून उपटून शेतात लावण्यापूर्वी जाणता शेतकरी काही दिवस त्याचे पाणी कमी करतो. रोप थोडे माना टाकते, पण आतून कणखर होते आणि लावणीनंतरचे ऊन सोसते. सतत भिजवलेले लुसलुशीत रोप त्याच उन्हात जळते. हृदयाच्या स्नायूतही असेच घडते, हे अमेरिकेतील ड्यूक विद्यापीठातील चार्ल्स मरी, रॉबर्ट जेनिंग्ज आणि कीथ रीमर यांनी १९८६ साली दाखवून दिले. त्यांनी कुत्र्यांच्या हृदयाची एक धमनी पाच मिनिटे बंद केली, पाच मिनिटे उघडली, आणि असे चार वेळा केल्यानंतर तीच धमनी सलग चाळीस मिनिटे बंद ठेवली. साधा तर्क असा, की चार वेळा उपाशी ठेवलेला स्नायू पाचव्या वेळी अधिक लवकर मरेल. प्रत्यक्षात, आधी छोटी टंचाई न सोसलेल्या हृदयांशी तुलना करता, या हृदयांतील मृत स्नायू केवळ एक चतुर्थांश भरला.

या परिणामाला ‘प्रीकंडिशनिंग’ म्हणतात. मराठीत पूर्वसज्जता म्हणू. ती बहुतेक सर्व प्रयोगशाळांत आणि अनेक प्राण्यांत पुन्हा पुन्हा दिसली आहे. पण याच प्रयोगातली दुसरी नोंद बातम्यांतून अनेकदा गळते, आणि माझ्या मते ती पहिलीइतकीच महत्त्वाची आहे. धमनी चाळीस मिनिटांऐवजी तीन तास बंद ठेवली तेव्हा सज्ज केलेल्या आणि न केलेल्या हृदयांत काही फरक उरला नाही. कणखर रोपही पाऊस आलाच नाही तर वाळते. पूर्वसज्जता पेशीचा मृत्यू लांबवते; रद्द करत नाही.

पेशीला आठवण राहते कशी?

टंचाईत एटीपी खर्च होत असताना त्याच्या मोडतोडीतून ‘ॲडेनोसिन’ नावाचा पदार्थ बाहेर पडतो. तो रक्तवाहिन्या रुंदावतो, आणि पेशीच्या आवरणावरील ग्राहकांना, म्हणजे निरोप घेणाऱ्या प्रथिनांना, चिकटून आत धोक्याचा निरोपही पोचवतो. ब्रॅडिकायनिन नावाचा पदार्थ आणि शरीरात तयार होणारे अफूसदृश पदार्थ हेच काम करतात. निरोप अनेक हातांतून फिरत शेवटी तंतुकणिकांपर्यंत, म्हणजे पेशीतल्या वीजघरांपर्यंत जातो. या तंतुकणिकांच्या आवरणात एक दार असते, जे संकटात सताड उघडले की वीजघर निकामी होते आणि पेशी मरते. पूर्वसज्जतेचा बहुतांश परिणाम हे दार बंद ठेवण्यात आहे.

ही आठवण दोन हप्त्यांत टिकते. पहिला हप्ता छोट्या टंचाईनंतर लगेच सुरू होऊन दोन-तीन तासांत ओसरतो. मग सुमारे चोवीस तासांनी संरक्षण पुन्हा उगवते, कारण दरम्यानच्या काळात पेशीने नवी संरक्षक प्रथिने तयार केलेली असतात. हा दुसरा हप्ता पहिल्याइतका जोरकस नसला तरी सुमारे तीन दिवस पुरतो.

आता माहूरच्या पायऱ्यांकडे परत येऊ. ‘अंजायना’ हे नाव देणारे अठराव्या शतकातील इंग्रज वैद्य विल्यम हेबर्डेन यांनी एका रुग्णाची नोंद केली आहे, जो रोज अर्धा तास लाकूड कापत असे आणि जवळजवळ बरा झाला. पहिल्या श्रमात दुखते, थोडी विश्रांती घेतल्यावर तेवढ्याच श्रमात दुखत नाही, हे पुढे अनेक डॉक्टरांनी पाहिले. यामागे पूर्वसज्जतेचा वाटा असावा असे मानले जाते. त्याशिवाय पहिल्या श्रमाने रुंदावलेल्या वाहिन्या आणि आजूबाजूच्या फाट्यांतून वाढलेला प्रवाह यांचाही हात असू शकतो.

मग दुखून थांबणे चांगलेच नाही का?

हा आक्षेप स्वाभाविक आहे, आणि इथेच अनेक जीव जातात. छातीत दाटून आले, बसल्यावर थांबले, पुन्हा चाललो तर काही झाले नाही. तेव्हा हृदय ‘तयार’ झाले, असा अर्थ लावणे म्हणजे विहिरीने तळ गाठल्याची खूण पाहून, मोटार चालू आहे ना, असे समाधान मानण्यासारखे आहे. दुखणे थांबले याचा अर्थ टंचाई तात्पुरती मिटली, एवढाच. धमनीतला थर जागेवरच असतो. तो थर कधी फुटेल आणि त्यावर गुठळी कधी बसेल, याच्याशी पेशींच्या सज्जतेचा काहीच संबंध नाही.

झटक्याच्या आधीच्या एक-दोन दिवसांत अंजायना झालेल्या रुग्णांत मृत स्नायूचे क्षेत्र तुलनेने लहान आढळते, असे काही अभ्यासांत दिसले आहे, हे खरे. पण हा निष्कर्ष रुग्णालयापर्यंत जिवंत पोचलेल्यांवरून काढलेला आहे; जे वाटेतच गेले ते या हिशेबात नाहीत.

मधुमेहींची गोष्ट आणखी बिकट असते. दीर्घकाळच्या मधुमेहात छातीतल्या वेदनेच्या नसाच बोथट होऊ शकतात, म्हणून टंचाई असूनही दुखत नाही. केवळ धाप, घाम किंवा एकाएकी आलेला थकवा एवढेच लक्षण असते. पूर्वसज्जताही मधुमेहात आणि वाढत्या वयात क्षीण होते. घंटाही नादुरुस्त आणि पहारेकरीही पेंगुळलेला, अशी ती अवस्था असते. ग्लिबेनक्लामाइडसारखी मधुमेहाची काही जुनी औषधे पूर्वसज्जतेच्या निरोपात अडथळा आणतात असे प्रयोगांत दिसले आहे. पण एवढ्यावरून कोणी आपली गोळी परस्पर बंद करू नये, कारण वाढलेली साखर हृदयाचे त्याहून अधिक नुकसान करते. औषध बदलायचे की नाही ते आपल्या डॉक्टरांना विचारावे.

ज्वारीची झोप, आणि तरुणांचा प्रश्न

टंचाई काही मिनिटांची नसून महिनोन्महिने रेंगाळणारी असेल तर हृदय निराळी चाल खेळते. पावसाने ओढ दिली की ज्वारीचे पान गुंडाळते, वाढ थांबते, आणि पाऊस पडला की तीच ज्वारी पुन्हा उभारी धरते. मक्याला हे तितके जमत नाही. चिवट टंचाईत हृदयाचा स्नायूही आपले आकुंचन कमी करून झोपी जातो. तपासणीत तो भाग हलत नाही, म्हणून मेलेला वाटतो; पण अँजिओप्लास्टीने किंवा बायपासने रक्त परत मिळाले की त्यातला बराच भाग जागा होऊ शकतो. म्हणूनच ‘हृदयाचे पंपिंग कमी झाले आहे’ एवढे ऐकून आशा सोडू नये. तो स्नायू मेला आहे की निजला आहे हे शोधण्याच्या चाचण्या उपलब्ध आहेत. थोड्या वेळाच्या टंचाईनंतर रक्त परत येऊनही स्नायू काही तास किंवा दिवस सुन्न राहतो, हा याचाच सौम्य भाऊ.

धमनी हळूहळू अरुंद होत असेल तर आणखी एक गोष्ट घडते. शेजारच्या धमन्यांना जोडणारे बारीक फाटे रुंद होत जातात, आणि मुख्य पाट आटला तरी आडपाटाने थोडे पाणी पोचत राहते. सत्तरीतल्या एखाद्या आजोबांची धमनी शंभर टक्के बंद असूनही ते गावात फिरताना दिसतात, त्याचे रहस्य हे असते. उलट तिशी-पस्तिशीतल्या माणसात, विशेषतः तंबाखू किंवा धूम्रपानाची सवय असेल तर, फारसा अडथळा न करणारा लहानसा थर एकाएकी फुटतो आणि गुठळीने धमनी क्षणात बंद होते. त्या हृदयाला ना आडपाट तयार करायला वेळ मिळालेला असतो, ना पूर्वसज्जतेची एखादी खेप. मोबाइलवरच्या त्या व्हिडिओंचे हे एक स्पष्टीकरण आहे. एकमेव नव्हे, कारण जन्मजात दोषांमुळे किंवा ठोक्यांच्या लयीतल्या बिघाडामुळेही तरुण कोसळतात.

रक्त परत येणेही धोक्याचे?

डाळिंबाच्या बागेला दीर्घ ताण पडल्यावर एकदम भरपूर पाणी दिले की फळे तडकतात. बंद धमनी उघडताना हृदयातही असे काही घडते. ऑक्सिजन एकाएकी आल्याने अतिक्रियाशील रेणू तयार होतात, पेशीत कॅल्शियम घुसते, आणि टंचाईतल्या आम्लतेमुळे आतापर्यंत मिटलेले तंतुकणिकांचे ते दार, आम्लता धुऊन निघताच उघडते. टंचाईतून तगलेल्या काही पेशी रक्त परत येतानाच मरतात.

मग धमनी उघडूच नये का? हा युक्तिवाद टिकत नाही. काही फळे तडकतील म्हणून बागेला पाणीच न देणारा शेतकरी सगळी बाग घालवेल. २००३ साली कुत्र्यांवरील प्रयोगांत असे दिसले, की धमनी उघडल्याबरोबर अर्ध्या-अर्ध्या मिनिटाने ती तीन वेळा बंद-उघड केली, तर नुकसान बरेच घटते. थोडक्यात, पाणी एकदम न सोडता टप्प्याटप्प्याने सोडायचे. माणसांत मात्र या युक्तीने ठोस लाभ दाखवला नाही, म्हणून ती नेहमीच्या उपचारांत आलेली नाही.

दंडाला पट्टा बांधून हृदय वाचेल?

१९९३ साली आढळले, की हृदयाच्या एका भागाला छोटी टंचाई दिली तर दुसराही भाग सज्ज होतो. पुढे तर हातापायाला दिलेली टंचाईही हृदयाला सज्ज करते असे दिसले. रक्तदाब मोजण्याचा पट्टा दंडावर फुगवून पाच मिनिटे रक्त अडवायचे, पाच मिनिटे सोडायचे, असे तीन-चार वेळा करायचे. खर्च जवळजवळ शून्य. २०१० साली डेन्मार्कमध्ये रुग्णवाहिकेतच असा पट्टा फुगवलेल्या रुग्णांचा अधिक स्नायू वाचल्याचे दिसले, तेव्हा आशा फार उंचावल्या.

त्या पुऱ्या झाल्या नाहीत. हृदयशस्त्रक्रियेच्या रुग्णांवर ब्रिटन आणि जर्मनीत झालेल्या दोन मोठ्या चाचण्यांचे निष्कर्ष २०१५ साली आले. लाभ दिसला नाही. झटका आलेल्या पाच हजारांहून अधिक रुग्णांवरील युरोपीय चाचणीचा निष्कर्ष २०१९ साली आला: पट्टा फुगवलेल्या आणि न फुगवलेल्या रुग्णांत वर्षभरानंतर हृदयविकाराने होणारे मृत्यू आणि हृदय दुर्बल होऊन रुग्णालयात भरती होण्याचे प्रमाण सारखेच होते. प्रयोगशाळेतला प्राणी तरुण आणि निरोगी असतो. खरा रुग्ण वयस्क असतो, बऱ्याचदा मधुमेही असतो, अनेक औषधे घेत असतो, आणि त्याची धमनी आता बऱ्यापैकी लवकर उघडली जाते. वाचवण्यासारखे जे होते ते वेळेवर उघडलेल्या धमनीनेच वाचवलेले असते, म्हणून पट्ट्याला काम उरत नाही, हे त्यातले मला सर्वांत पटणारे कारण. घरी दंडाला दोरी आवळून प्रयोग करू नयेत, हे वेगळे सांगायला नको.

नियमित व्यायामाचे तसे नाही. काही दिवसांच्या व्यायामानेही प्राण्यांचे हृदय टंचाई अधिक चांगली सोसते, आणि व्यायाम थांबला की हे संरक्षण हळूहळू जाते. मात्र ज्याला चालताना छातीत दाटते, त्याने व्यायाम स्वतःच्या मनाने न वाढवता आधी तपासणी करून घ्यावी.

हातात असलेली मिनिटे

कुत्र्यांच्या हृदयात पूर्ण टंचाईनंतर सुमारे वीस मिनिटांनी पेशी मरू लागतात. मृत्यू सर्वांत आतल्या थरापासून सुरू होऊन लाटेसारखा बाहेर सरकतो आणि काही तासांत भिंतीची जाडी व्यापतो. माणसात हा वेग आडपाटांवर अवलंबून कमी-अधिक असतो. वस्तीवरून किंवा तांड्यावरून तालुक्याच्या गावाला आणि तिथून लातूर, नांदेड किंवा छत्रपती संभाजीनगरला जाण्यात आपल्याकडे जो वेळ जातो, तो याच लाटेतून वजा होतो. म्हणून बसून पाच-दहा मिनिटांतही न थांबणारे छातीतले दाटणे, सोबत घाम, धाप किंवा जबड्यात-हातात जाणारी कळ असेल, तर सोडा-लिंबू पीत न बसता १०८ ला फोन करून जवळ जिथे ईसीजी निघेल तिथे पोचावे. अँजिओप्लास्टीचे केंद्र दोन तासांच्या टप्प्यात नसेल, तर गुठळी विरघळवणारे इंजेक्शन जवळच्या रुग्णालयातच देता येते, आणि ते जितके लवकर तितके अधिक उपयोगी.

काकांना अखेर मुलाने तपासणीला नेले. डॉक्टरांनी ईसीजी पाहण्याआधी एकच प्रश्न विचारला: दुखणे कितव्या पायरीला सुरू होते? काकांनी आठवून सांगितले, पहिल्या नवरात्रात शंभरेक पायऱ्या झाल्यावर, दुसऱ्या वर्षी साठ-सत्तरीला, आणि गेल्या आठवड्यात घराच्या जिन्यावर, सातव्या-आठव्या पायरीला. त्या दिवशी त्यांना घरी सोडले नाही.